आड, पोहरा आणि राब

लिहिणं अडलं की लेखक आधी टेबल आवरतो. मग पेनात शाई भरतो, चहा मागवतो आणि शेवटी "मी आटलो" असं घरात जाहीर करतो. घरची माणसं ही बातमी फार शांतपणे घेतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

यात एक नैतिक प्रश्नही दडलेला असतो. सांगण्यासारखं काही नसताना कागद भरावा का? वाचक दाम मोजतो, वेळही मोजतो; त्याच्या पदरात फोलपटं टाकणं ही भेसळच. म्हणजे न लिहिणारा लेखक प्रामाणिक ठरला! या हिशेबानं आपल्याकडे प्रामाणिक माणसांचा सुकाळ आहे म्हणायचा.

पण "आटलो" हा शब्द निदान शहापूर तालुक्यात तरी जपून वापरावा. इथे तानसा धरण १८९२ पासून उभं आहे. मुंबईला पाणी पाजणाऱ्या सात तलावांतला सर्वांत मोठा भातसा, तोही इथलाच. आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे मांडून टँकरची वाट बघत असतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण इथे उलटी झाली आहे. आडात आहे, पोहराच मुंबईला गेलाय!

त्या बायकांची तहान खरी असते. लेखकाच्या कोरड्या दौतीला तिच्या पंगतीत बसवणं बरं नव्हे. तरी पोहऱ्याची गोष्ट लेखकाला लागू पडते खरी. हाच आटलेला गृहस्थ आसनगावच्या फलाटावर लोकलची वाट बघताना, काल एस.टी.त खिडकीवरून झालेलं भांडण असं रंगवून सांगतो की ऐकणाऱ्यांची गाडी चुकावी. तिथे शब्दांची टंचाई नसते. टेबलाशी बसला की मात्र मुंबई-पुण्याचे कुणी थोर टीकाकार त्याच्या डोळ्यांपुढे येऊन बसतात. प्रत्येक वाक्य मंजुरीसाठी त्यांच्याकडे जातं आणि नामंजूर होऊन परत येतं. मग तो म्हणतो, "वाईट लिहिणं मला शोभत नाही." यातला जोर 'वाईट'वर नसून 'मला'वर असतो. सचोटीचा सदरा घातलेला अहंकारच तो!

याचा उतारा शहापूरहून मुरबाडला जाताना रस्त्याच्या कडेलाच दिसतो. उन्हाळ्यात शेतांच्या कोपऱ्यांत काळे चौकोन दिसतात, ते राब. शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. तणाचं बी जळतं, राख तेवढी उरते. पाऊस पडला की त्या एवढ्याशा तुकड्यात भात दाटीवाटीनं पेरायचं आणि रोपं हाताएवढी झाली की उपटून चिखलात आवणी करायची. सबंध शेत एकदम पेरायला कुणी जात नाही. आपण मात्र पहिल्याच वाक्याला सबंध शेत पिकवायला निघतो!

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारलं, "बाबा, एवढी राखरांगोळी करायची आणि पाऊस आलाच नाही तर?"

तो म्हणाला, "मास्तर, पाऊस आल्यावर राब भाजता येत नाय."

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली, हे ऐकून अडलेल्या लेखकाला आणखीच घाम फुटतो. पण ती पाच दिवसांची आवणी होती. त्याआधी अमळनेरच्या शाळेत असताना गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हातानं लिहून काढत. साहित्याच्या इतिहासात जागा मिळावी म्हणून काही कुणी छात्रालयाच्या भिंतीआड दैनिक काढत नाही. तो राब होता.

तेव्हा भेसळीच्या प्रश्नाचं उत्तर असं, की बाजारात न्यायला भातच हवं, फोलपटं चालायची नाहीत. पण राब भाजायला कुणाची मंजुरी लागत नाही. लिहावं रोज, कसंही, वाण्याच्या यादीच्या पाठीवरसुद्धा. छापावं मात्र जपून. रोजच्या लिहिण्यातलं तण तिथल्या तिथे जळून जातं आणि वाचकाला त्याची झळ लागत नाही.

मुरबाडकडचा शेतकरी तर आणखी पुढे जातो. भात निघालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर तो वाल पेरतो. वरून एक थेंब पडत नाही, तरी वाल येतात. बिरडं खाणाऱ्याला ती ओल दिसत नाही. त्याला बिरडं तेवढं चांगलं लागतं.