चक्रवाढ व्याज आठवीतच शिकवलं होतं

काऊन रे, चक्रवाढ व्याज आठवीत शिकवलं होतं की नाही? मुद्दल, दर, मुदत. फळ्यापाशी उभं करून उदाहरणं सोडवून घेतली होती, तुझ्याकडूनसुद्धा. आणि आज आपल्या कामरगावचा हा पोरगा, चाकणच्या कंपनीत पगार घेणारा, मलाच विचारतो, ‘सर, दर महिन्याला न चुकता चार हजार भरतो, तरी कार्डाची बाकी हलत का नाही?’ हलेल कशी? तू कर्ज फेडतच नाहीस. नुसतं त्याचं भाडं भरतोस.

तुझं स्टेटमेंट मी वाचलं. तू ते एकदाही वाचलेलं नाहीस. ‘मिनिमम ड्यू’ एवढाच आकडा बघायचा, तो भरायचा आणि फोन खिशात टाकायचा, हीच तुझी रीत. आता कागद घे आणि लिही. बाकी ८०,००० रुपये. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे २,८०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५०४ रुपये. घरकर्जाच्या किंवा सोनेतारणाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही, कार्डाच्या व्याजावर लागतो. एकूण झाले ३,३०४. तू भरलेस ४,०००. मुद्दलातून गेले किती? ६९६ रुपये. आणि त्याच महिन्यात त्याच कार्डावर तू नवीन खर्च किती केलास, तो आकडा तूच मोठ्यानं वाच. मला वाचायची लाज वाटते.

वर्षाचं गणित करू. ३,३०४ गुणिले १२, म्हणजे ३९,६४८ रुपये. २०२५-२६च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे साडेसात क्विंटलच्या आसपास सोयाबीन गेलं. आपल्या कोरडवाहू रानात एकरी उतारा किती पडतो, ते तुला मी सांगायला नको. तुझा बाप जून महिन्यात आभाळाकडे बघत पेरतो, तणनाशक उधारीवर आणतो, सोंगणीला मजूर मिळेना म्हणून स्वतः विळा घेतो आणि कारंज्याच्या यार्डात पोत्यांशेजारी बसून राहतो. त्याच्या एका एकराचं सगळं पीक तुझ्या नुसत्या व्याजात जातं. मुद्दल जिथल्या तिथं. तेही हमीभाव हाती पडला तर. व्यापाऱ्यानं ओलाव्याचं कारण काढून भाव पाडला, की आणखी दोन क्विंटल घाल.

आणि एक गोष्ट वाचून माझं डोकं फिरलं. पेरणीच्या दिवसांत तू एटीएममधून कार्डावर १५,००० रुपये काढून घरी पाठवलेस. बापाला मदत केली असं तुला वाटलं असेल. अरे, कार्डावरून रोकड काढली की काढणावळ वेगळी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं, एक दिवसाचीही सवलत नाही. दुसरीकडे बापाच्या सातबाऱ्यावर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मिळतं. ते वेळेत फेडलं तर केंद्राच्या सवलतीनं चार टक्के पडतं आणि आपल्या वऱ्हाडाच्याच पंजाबराव देशमुखांच्या नावाची राज्याची व्याज सवलत धरली तर शून्य टक्के. शून्य टक्क्याचं दार उघडं असताना तू बेचाळीस टक्क्यांच्या दारानं गेलास, कारण घरी विचारायचा संकोच वाटला. पेरणीला पैसे हवे असतील तर बापाला सोसायटीत ने, बँकेत ने, कागदपत्रं करून दे. खरी मदत ती.

‘सर, बँक आहे, सावकार थोडीच आहे,’ असं म्हणालास. मग हेही ऐक. २०१४च्या सावकारी कायद्याखाली महाराष्ट्रात परवानाधारक सावकारानं बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्ज दिलं तर सरकारनं ठरवून दिलेली मर्यादा वर्षाला १८ टक्क्यांची आहे. बँकेच्या कार्डाला ती लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं कार्डाचं व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. म्हणजे वरून कोणी दर कमी करून देईल, या आशेवर बसू नकोस. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे काढून जाळले. त्यातल्या कितीतरी जणांना आपण अंगठा कशावर उठवला हे वाचता येत नव्हतं. तुला वाचता येतं. आम्हीच शिकवलं. तरी अटींच्या पानाखाली न वाचता ‘मान्य’ दाबलंस, याचा मला राग आहे.

त्या अटींतली एक तरी आज डोक्यात पक्की बसव. पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत फक्त पूर्ण बिल भरणाऱ्याला मिळते. थोडी जरी बाकी राहिली, की ती मुदत गेली. मग आज घेतलेल्या वीस रुपयांच्या चहालासुद्धा आजपासून व्याज. आणि तू चहासुद्धा कार्डावरच घेतोस! २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता यायला लागलं, तू ते लगेच जोडलंस. टपरीवर स्कॅन करताना पैसे खात्यातून गेले की कर्जातून, हेही तुला कळत नाही. पहिलं काम हेच: तो जोड आत्ता, माझ्यासमोर तोडायचा. कार्ड घरी आईच्या कपाटात ठेवायचं. बाकी फिटेपर्यंत कार्डावर एक रुपयाचाही नवीन खर्च नको. जे घ्यायचं ते खात्यातल्या पैशातून, नसतील तर घ्यायचं नाही.

आता म्हणशील, शंभर-दोनशे वाचवून ऐंशी हजारांचं काय होणार? हे ऐंशी हजार झाले कशाचे, ते बघ ना. एक मोटारसायकल दाखव, आईचं एक ऑपरेशन दाखव, बहिणीच्या लग्नाचा एक खर्च दाखव. त्या पंधरा हजारांपलीकडे काहीच नाही. रात्री पावणेबाराची बिर्याणी, ३४९ रुपये. दोन दिवसांनी परत तीच. आणि मेसचे महिन्याचे पैसे तू आगाऊ भरलेले आहेत! मेसची पोळी-भाजी टाकून फोनवर जेवण मागवतोस. महिन्यात आठ वेळा मागवलंस, सरासरी तीनशे धरले तरी २,४००. शनिवारचा ढाबा, तुझ्या वाटणीचे हजार. पाय न ठेवलेली जिम आणि उघडूनही न पाहिलेल्या मालिकांच्या दोन वर्गण्या, मिळून सहाशे. किती झाले? चार हजार. यात तुझ्या पोटाला चिमटा कुठं बसला? घरी पाठवतोस त्यातून एक रुपया कमी करायला मी सांगितलं का?

हे चार हजार आणि तू आत्ता भरतोस ते चार, असे महिन्याला आठ हजार भर. नवीन खर्च बंद ठेवलास तर तेरा-चौदा महिन्यांत बाकी संपते आणि हातचे एकूण एक लाख पाच हजारांच्या आसपास जातात. नुसते चार हजार भरत राहिलास तर साडेतीन वर्षांहून जास्त लागतील आणि पावणेदोन लाखांच्या जवळपास जातील. दोन्ही गणितं घरी स्वतः सोडव, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. आणि वाचलेला पैसा महिनाअखेरीची वाट बघत खात्यात ठेवायचा नाही. व्याज रोजच्या बाकीवर धरतात. आज बिर्याणी मागवली नाहीस ना, मग ते तीनशे आजच कार्डावर भरायचे.

कंपनीत पगारदारांची पतसंस्था असेल तर तिथं चौकशी कर. बारा-चौदा टक्क्यांनी कर्ज मिळालं आणि त्यातून कार्डाची बाकी एकरकमी भरलीस तर तेच आठ हजार अकरा महिन्यांत काम उरकतात. पण कार्ड रिकामं झालं म्हणून परत वापरायला घेतलंस तर दोन कर्जं होतील. असं करणारे पोट्टे मी पाहिले आहेत. दुसरं कार्ड काढून पहिलं भरणं नको, ॲपवरचं झटपट कर्ज तर मुळीच नको. ‘अर्धी रक्कम भरा, मिटवून टाका’ असा फोन येईल; तसं मिटवलं की सिबिलच्या नोंदीत ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि उद्या घर बांधायला कर्ज मागायला जाशील तेव्हा तो शेरा आडवा येतो.

वसुलीवाल्यांच्या फोनला घाबरून नंबर बदलू नकोस. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शिवीगाळ केली तर वेळ, तारीख लिहून ठेव आणि बँकेकडे लेखी तक्रार कर. पण हप्ता थकवायचा नाही. आणि आज रात्री बापाला सगळं सांग, आकड्यासकट. उद्या वसुलीवाला दारात आल्यावर त्याला कळावं, एवढा तो परका नाही.

शेवटचा रुपया फिटला की कार्ड बंद करायचा अर्ज द्यायचा. बाकी शून्य असेल तर बँकेनं कामाच्या सात दिवसांत ते बंद करायचं असतं; त्यानंतर उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये बँकेनं तुला द्यायचे, असा २०२२चा नियम आहे. अर्जाची पोच जपून ठेव. आणि आता तो फोन काढ, यूपीआय उघड, कार्डाचा जोड तोड. मी थांबलोय.