पाणी भरणाऱ्यांना ठाऊक होते

आजचे शास्त्रवाचन: प्रेषितांची कृत्ये ६:१-७, १ तीमथ्य ३:८-१३, योहान २:१-११



यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत शिष्यांची संख्या वाढत होती आणि त्याच वेळी कुरकुरही सुरू झाली. ग्रीक बोलणारे यहूदी म्हणाले, रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. प्रेषितांनी ही तक्रार क्षुल्लक मानली नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला बोलावलं आणि चांगल्या नावाचे, आत्म्याने व ज्ञानाने भरलेले सात जण निवडायला सांगितलं. स्तेफन, फिलिप्प आणि आणखी पाच. सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, बहुधा त्यांच्यातलीच माणसं मंडळीने पुढे केली.

या अध्यायात त्यांना ‘डीकन’ असं पद कुठेही दिलेलं नाही. पण मूळ ग्रीकमध्ये पंक्तीला वाढणं आणि वचनाची सेवा, दोन्हींसाठी एकाच मुळातले शब्द आहेत. त्याच मुळातून पुढे ‘डीकन’ आला. किंख्रियाच्या मंडळीतल्या फीबीलाही पौल हाच शब्द लावतो (रोम १६:१). वाढप्याचं काम हलकं आणि उपदेशाचं भारी, असा भेद आपण करतो. वचन करत नाही. सातव्या वचनात पाहा, वाटप मार्गी लागल्यावर देवाचं वचन आणखी पसरत गेलं.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीने मला डीकन निवडलं. दानार्पण मोजणं, प्रभूभोजनाचे प्याले धुणं आणि गरीब निधीतून दर महिन्याला विधवांना पाकीट पोहोचवणं ही माझी कामं. एक आजी गावाबाहेरच्या वस्तीवर राहायच्या. पावसाळ्यात वाटेवर चिखल. एका महिन्यात ‘रविवारी नेऊन देऊ’ म्हणून पाकीट माझ्याकडेच राहिलं. हिशेबाची वही मात्र मागितली गेली, तेव्हा त्यांच्या नावापुढे मी ‘दिले’ अशी खूण केली. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. तिसऱ्या महिन्यात कपाटात तीन पाकिटं होती आणि वहीत तीन खुणा. एक रुपयाही मी खाल्ला नव्हता. त्यावरच मनाची समजूत घालत होतो.

मग एका सकाळी तीमथ्याच्या पत्रात सेवक दुतोंडी नसावा हे वाचलं आणि पुढे वाचवेना. माझी वही एक बोलत होती आणि कपाट दुसरं.

त्याच दिवशी वस्तीवर गेलो. वाटलं होतं, आजी रागावतील. त्या म्हणाल्या, “आजारी होतास का रे बाळा? आला नाहीस म्हणून रोज तुझं नाव घेऊन प्रार्थना करत होते.” मला तोंड वर करता आलं नाही. खरं काय ते सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “उसनं आणून भागवलं मी. पण हे तू पाळकसाहेबांनाही सांग.”

सांगितलं. कमिटीसमोरही सांगितलं. वही माझ्याकडून काढून घेतली आणि ते योग्यच होतं. सेवकांची आधी पारख व्हावी असं पौल लिहितो (३:१०). माझी पारख झाली होती. प्याले धुण्याचं काम तेवढं राहिलं.

त्या दिवसांत काना गावचं लग्न मला नव्याने कळलं. सहा दगडी रांजण चाकरांनी काठोकाठ भरले. नळ नव्हता, काही शे लिटर पाणी वाहून आणायचं आणि तेही कशासाठी हे न विचारता. द्राक्षारस कुठून आला हे भोजनकारभाऱ्याला ठाऊक नव्हतं. पाणी काढणाऱ्या चाकरांना ठाऊक होतं. योहानाने त्या चाकरांसाठी वापरलेला शब्दही तोच, ‘दियाकोनोस’. मानाच्या जागी बसलेल्यांनी चव घेतली, पण चमत्कार कुठे झाला हे ओझं वाहणाऱ्यांनी पाहिलं. मी तीन महिने तो चिखल टाळला, तेव्हा वस्तीवर एक म्हातारी माझ्यासाठी गुडघ्यावर होती, हे मला दिसलंच नाही.

प्रियांनो, तुमच्याकडे पद असेल किंवा नसेल. कुणाच्या नावापुढे तुम्ही ‘झाले’ अशी खूण केली आहे आणि काम मात्र कपाटात आहे? आजच जा. उशीर झाला असेल तरी जा, आणि खरं सांगा. आपला प्रभू सेवा करून घ्यायला नाही, सेवा करायला आला (मार्क १०:४५). त्याचं नाव घेऊन आपण खोटा हिशेब लिहू नये.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू शिष्यांचे पाय धुतलेस. माझ्या हातातलं लहान काम मला विश्वासूपणे करू दे. माझी वही आणि माझं वागणं एक असू दे. ज्यांना मी विसरलो, त्यांच्या दाराशी आज मला ने. तुझ्याच पवित्र नावात मागतो, आमेन.