अचानक

माझ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर स्वतःचं नाव सोडून 'अचानक' हाच शब्द सांगावा लागेल. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या (ही वसाहत तारापूरला नसून बोईसरला आहे; का, ते विचारू नये) एका कारखान्यात, मेन्टेनन्स खात्यात, मी कारकून होतो. यंत्र बंद पडलं की रजिस्टर भरायचं. तारीख, वेळ, यंत्राचा नंबर आणि शेवटचा रकाना 'कारण'. त्यात मी 'अचानक बिघाड' असं लिहीत असे. एकोणतीस वर्षं. तेही वळणदार अक्षरात.

हा शब्द घरीही उपयोगी पडे. चिरंजीव गणितात अचानक नापास होत. पगार वीस तारखेला अचानक संपे. पुढे पालघरच्या डॉक्टरांनी "गुडघा कधीपासून दुखतोय?" असं विचारलं तेव्हाही मी "अचानक" म्हणालो, आणि मागून सौभाग्यवतींचा आवाज आला, "तीन वर्षं झाली."

या शब्दाला पहिला धक्का मात्र समुद्रात बसला. 1986 च्या ऑक्टोबरात खात्यातला एक सातपाटीचा मित्र म्हणाला, "पापलेट कसं येतं ते बघायचं असेल तर एकदा आमच्या बोटीवर चला." तोवर मी समुद्र पाहिला होता तो केळव्याच्या सुरूच्या बनातून, भेळ खाताना. पण हो म्हणून बसलो. सातपाटीच्या खाडीत गाळ फार. भरतीला बोट बाहेर काढायची. भरती चुकली तर पुढल्या भरतीची वाट बघत बसायचं. म्हणून मध्यरात्री निघालो. मित्राचे काका तांडेल, खलाशी तिघे, आणि वजन म्हणून मी. डोलकाठीपाशी शीड गुंडाळून ठेवलं होतं. त्याची अवस्था घरातल्या आजोबांसारखी: मान मोठा, काम नाही. सगळा कारभार मशीनच्या हातात.

दोन तास झाले असतील. मशीनचा आवाज खाली गेला, वर आला, परत खाली गेला. मशीन खोकलं आणि थांबलं. पायाखाली समुद्र असताना अशी शांतता पडली की माणसाला आपला विमा आठवतो. मी सवयीने म्हणालो, "अचानक कसं बंद पडलं हो?"

काका बॅटरी घेऊन खाली वाकले होते. तिथूनच म्हणाले, "अचानक कुठलं? आठ दिवस सांगतंय ते."

खलाशांनी शीड चढवलं. आजोबा उठले आणि बोटीने हेलकावे खाणं जरा कमी केलं. खाली फिल्टर उघडला, त्यात काळा चिखल. मग हळूहळू एकेक जण बोलू लागला. एका खलाशाने टाकीत डिझेल ओतताना तळाचा गाळ ढवळलेला पाहिला होता. मित्र म्हणाला, सोमवारपासून हँडल दोनदा मारावं लागतंय. काकांनी आवाज ऐकला होता. नवा फिल्टर घरी कोनाड्यात आणूनही ठेवला होता. आणि मी? बोटीत चढताना एका जोडातून डिझेल ठिबकताना मला दिसलं होतं. मी विजार वर केली आणि गप्प बसलो. कारकुनाने मशीनमध्ये बोलू नये.

डिझेलच्या मशीनला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती तापते आणि तीत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे सिलिंडरमध्ये हवा हवीच. पण तीच हवा डिझेलच्या नळीत शिरली की पंप डिझेलऐवजी हवाच दाबत बसतो आणि फवारा उडत नाही. सासुरवाडीच्या मंडळींसारखं आहे: दिवाणखान्यात हवीत, स्वयंपाकघरात नकोत. काकांनी फिल्टर धुतला, जोड आवळला, पंपाजवळचा स्क्रू सैल केला आणि हाताने डिझेल ढकलत राहिले. आधी नुसता फेस. फेस संपून नितळ धार लागायला तासभर गेला.

"आठ दिवस ऐकू येत होतं, मग फिल्टर बदलला का नाही?" मी विचारलं.

"भरती चुकली असती," काका म्हणाले. "प्रत्येक आवाजाला थांबलो ना साहेब, तर तुमच्यापर्यंत एक पापलेट पोचलं नसतं."

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

त्या रात्री उत्तरेला तारापूरच्या अणुवीजकेंद्राचे दिवे दिसत होते. 2011 च्या मार्चमध्ये फुकुशिमाची बातमी वाचताना ते आठवले, कारण 1969 साली तारापूरला सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या त्याच अमेरिकन कंपनीच्या, उकळत्या पाण्याच्या जातीच्या. फुकुशिमाला भूकंपात बाहेरची वीज गेली आणि डिझेलची जनित्रं इमानाने सुरू झाली. तासाभरात लाट आली, पाणी आत शिरलं, जनित्रं थांबली. तिथल्या मंडळींनी 'सोतेईगाई' हा शब्द वापरला: अपेक्षेबाहेरचं. म्हणजे माझाच शब्द, जपानी वळणात! पण पंधरा मीटरहून उंच लाट येऊ शकते, असा हिशोब त्याच कंपनीत 2008 साली झाला होता, आणि 2012 साली संसदेच्या चौकशी आयोगाने हा अपघात मानवनिर्मितच ठरवला. तिथेही एखादा कारकून विजार वर करून उभा असणार.

मात्र जपानला हसण्याचा मला अधिकार नाही. 1991 साली आमच्या खात्यातल्या एका हेल्परने मला चहाच्या वेळी दोनदा सांगितलं होतं, पट्ट्यावरच्या जाळीचा स्क्रू गेलाय. मी म्हणालो, "लेखी द्या." त्याला लिहिता येत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात त्याचं बोट गेलं.

संध्याकाळी रजिस्टर पुढे घेऊन बसलो. शेवटच्या रकान्यात 'अचानक' लिहायचं नाही, तर त्या जागी वरच्यांना सोयीचा दुसरा एकच शब्द होता: 'कामगाराचा निष्काळजीपणा'. तिसरं कारण मला ठाऊक होतं. पण त्यात नाव माझं पडलं असतं. मी 'अचानक बिघाड' लिहिलं. त्याला भरपाई मिळाली, नोकरी टिकली. आता हे मी त्याच्यासाठी केलं की माझ्यासाठी? बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे."

निवृत्तीनंतर एकदा तो बोईसर स्टेशनवर भेटला. बरोबर मुलगा होता, कॉलेजातला. "नमस्कार कर," तो मुलाला म्हणाला, "यांनी माझ्या बाजूने लिहिलं होतं." मुलगा वाकला. मी उगाच शटलचं वेळापत्रक बघू लागलो. तोवर त्याने स्टॉलवरून चहा आणला, उरलेल्या बोटांनी पेला नीट धरून.

चहाचे पैसेही त्यानेच दिले.