दैव आणि असाधारण कारण

हापूसच्या पेट्यांनी भरलेली पिकअप रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघाली असता आंबा घाटाच्या चढणीवर तिचे इंजिन एकाएकी बंद पडावे, ब्रेकला मिळणारे व्हॅक्यूमचे साहाय्य दोन-तीन वेळा पाय दाबताच संपून जावे, स्टिअरिंग हाताला जड व्हावे, मागून येणाऱ्या एस.टी.ने भोंगा वाजवीत कशीबशी बगल द्यावी, आणि क्लीनरने चाकामागे दगड लावून अर्धा तास काढल्यावर पुन्हा सेल्फ मारताच तेच इंजिन निमूटपणे सुरू व्हावे, हा अनुभव मालवाहतुकीच्या धंद्यातील माणसांना नवा नाही. अशा गाडीचा चालक गॅरेजात येऊन आपली कैफियत मांडतो, तेव्हा तीत दोन विधाने हटकून असतात. ‘मिस्त्री, घाट लागला की बंद पडते बघा,’ हे एक. आणि ‘आमचे ग्रहच फिरलेत,’ हे दुसरे. पहिले निरीक्षण आहे, दुसरी श्रद्धा आहे, आणि बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्या या माणसाची श्रद्धा हसण्यावारी नेण्याचा अधिकार, ज्याने उतारावर मागे घसरू पाहणारी भरली गाडी कधी पायाखाली धरलेली नाही, त्याला नाही. तथापि या दोन्ही विधानांनी गाडी दुरुस्त होत नाही. आणि ती का होत नाही, याचा विचार आपल्या दर्शनकारांनी मोटारींच्या कितीतरी शतके आधी करून ठेवला आहे.

न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, हे दैवाचे वैरी नव्हेत. पूर्वकर्मांपासून उत्पन्न होणारे धर्माधर्म, ज्याला ते अदृष्ट म्हणतात, त्याला त्यांनी ईश्वर, काल आणि दिशा यांच्या पंक्तीला मानाने बसविले आहे. परंतु ही पंक्ती साधारण कारणांची आहे, म्हणजे जगात जे जे कार्य घडते त्या प्रत्येकाच्या मागे ती सारखीच उभी असतात. या मानातच दैवाची मर्यादाही आली. गाडी बंद पडली त्यात अदृष्ट होते, तसेच ती अर्ध्या तासाने सुरू झाली त्यातही होते, आणि शेजारून गेलेली एस.टी. न थांबता घाट चढून गेली त्यातही होते. मग जे तिन्ही ठिकाणी समान आहे, ते या एका गाडीच्या थांबण्याचा खुलासा कसा करणार? सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रहा’त करणाचे, म्हणजे कार्य घडविणाऱ्या साधनाचे, लक्षण सांगताना असाधारणतेची अट घातली ती याचसाठी, आणि हा छोटासा ग्रंथ आजही न्यायशास्त्राचे पहिले पुस्तक म्हणून विद्यार्थ्याच्या हाती पडतो. गीतेच्या अठराव्या अध्यायातही कोणत्याही कर्माची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. हे पाचवे म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता, असे शंकराचार्य म्हणतात, तर तो अंतर्यामी परमात्मा होय, असे रामानुजाचार्यांचे म्हणणे. अर्थ कोणताही घेतला तरी त्याने पहिली चार कारणे बाद होत नाहीत.

मग घाटाचे काय? घाट तर डोळ्यांना दिसतो, आणि सपाटीवर गाडी बिनतक्रार धावते हेही खरे. परंतु घाट हे एक कारण नसून तीन कारणांचा तो समवाय आहे: चढणीवर इंजिनावर भार येतो, त्याची उष्णता वाढते, आणि टाकी कलते. डिझेलचा फिल्टर कचऱ्याने तुंबला असेल, तर सपाटीवर पुरणारे डिझेल भाराखाली पुरत नाही. क्रँकशाफ्टची गती इंजिनाच्या संगणकाला कळविणाऱ्या सेन्सरच्या आतील तार तुटण्याच्या बेतात आली असेल, तर उष्णतेने ती फाकते, आणि पिस्टन कोठे आहे हे न कळल्यामुळे संगणक डिझेल सोडणेच थांबवितो. टाकीत डिझेल थोडे असेल, तर कलत्या टाकीत शोषणनळीचे तोंड उघडे पडून पाइपात हवा शिरते, ज्याला गॅरेजात ‘गाडीने एअर घेतली’ म्हणतात. तिन्ही दोष घाटातच प्रकट होतील, आणि पहिले दोन तर थोड्या विश्रांतीने मावळतीलही. नैयायिकांचे जुने उदाहरण येथे नेमके लागू पडते: जेथे अग्नी तेथे धूर, असा नियम करता येत नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो, धुराला ओले सर्पण लागते, आणि या आड दडलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. घाटाआड असे ओले सर्पण कोणते, एवढाच काय तो तपास.

म्हणून जाणता मिस्त्री घाटाविषयी फारसे विचारीतच नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘बंद पडताना काटा कसा पडला?’ हा प्रश्न मला एखाद्या भाष्यकाराच्या तोलाचा वाटतो. गाडी गिअरमध्ये असून चाके फिरत आहेत तोवर इंजिनही त्यांच्याबरोबर फिरतच असते. अशा वेळी आरपीएमचा काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला, आणि त्यापूर्वी ओढ कमी झाल्याचे जाणवले, तर संशय डिझेलच्या पुरवठ्यावर जातो. पण इंजिन फिरत असतानाच काटा एका झटक्यात शून्यावर आला, तर गती नव्हे, गतीची वार्ता नाहीशी झाली आहे. तरीही हे केवळ लिंग, म्हणजे खूण, आहे, सिद्धी नव्हे. सिद्धीसाठी मिस्त्री गाडी सपाटीवर, रिकामी, टाकी भरलेली अशी उभी करतो, म्हणजे घाटाच्या तीन अंगांपैकी भार आणि कल ही दोन काढून टाकतो, आणि चालू इंजिनाच्या त्या सेन्सरवर केस वाळविण्याच्या यंत्राचा गरम झोत धरतो. काही वेळाने इंजिन बंद पडते. ओले फडके ठेवून सेन्सर निववला की सुरू होते. पुन्हा झोत, पुन्हा बंद. कारण असता कार्य असणे हा अन्वय आणि ते नसता नसणे हा व्यतिरेक, असे दोन्ही येथे हाताला लागतात. याउलट फिल्टर, पंप आणि सेन्सर एकदम बदलून, बिल हातात देऊन गाडी परत केली, तर ती कदाचित चालेल. पण मालकाने तिपटीने पैसे मोजले, आणि कारण कोणालाच कळले नाही. अशा दुरुस्तीला दुरुस्ती म्हणण्याची वहिवाट पडली आहे, हे मला खेदाचे वाटते.

यावर चार्वाकाची हरकत ठेवलेलीच आहे: शंभर वेळा झोत धरून इंजिन थांबले, म्हणून एकशेएकाव्या वेळी थांबेलच कशावरून? दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात या शंकेला असे उत्तर दिले की, शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वर्तनाशी विरोध येईपर्यंतच तिला मुभा आहे. ज्याला धुरासाठी विस्तव पेटवावासा वाटतो, त्याने धूर विस्तवामुळे होतो की नाही याचा संशय वागवू नये. नवा सेन्सर बसवून, गाडी भरून, ती पुन्हा घाटात नेणारा मिस्त्री याच सीमेपर्यंत शंका घेतो आणि तेथे थांबतो.

परंतु याच उदयनाचार्यांनी त्याच ग्रंथाच्या पहिल्या स्तबकात अदृष्टाची सिद्धीही केली आहे, आणि तिचा एक आधार असा की, सुखदुःखाचा भोग जीवागणिक नियत असतो. येथे दोन प्रश्न वेगळे होतात. गाडी का थांबली, हा एक. आणि ती थांबल्याचे दुःख नेमके याच माणसाच्या, याच वळणावर, मुलीच्या लग्नाचे कर्ज डोक्यावर असताना वाट्याला का आले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सेन्सरच्या तारेत सापडते. दुसऱ्याचे तेथे सापडत नाही, आणि तो विचारणाऱ्या चालकाला अडाणी ठरविणारा शहाणा मला माणुसकीला पारखा वाटतो. तो प्रश्न खरा आहे, धर्माच्या दप्तरी त्याची नोंद जुनी आहे, आणि शास्त्रकारांनीही तो मोठ्या गांभीर्याने घेतला आहे. मात्र मिस्त्रीने दोष दाखवून दिल्यावरही, हंगाम सरेपर्यंत चालवून घेऊ, म्हणून तीच गाडी दुसऱ्या दिवशी पेट्या लादून घाटात धाडणारा मालक, अपघातानंतर हा दुसरा प्रश्न उच्चारून प्रारब्धाचा दाखला देऊ लागला, तर तो ग्राह्य धरता येणार नाही. गीतेने मोजलेल्या पाचांतील कर्त्याची जागा त्या दिवशी त्याची स्वतःची होती, आणि घाटात जो अडकला तो चालक त्याच्याच हुकुमाने निघाला होता.