खर्रा आणि पेन्शन

प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धी असते, असं शाळेत शिकलो होतो. बँकेत कारकून झाल्यावर माझं ते खातं बरीच वर्षं व्यवहाराअभावी निष्क्रिय पडलं होतं. गेल्या नोव्हेंबरात ते एकाएकी चालू झालं.

मी नोकरीला लागलो २०१२ साली. १ एप्रिल २०१० पासून सरकारी बँकांत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. आमच्या पगारातून १० टक्के कापतात, बँक आपली भर घालते आणि ती रक्कम रोख्यांत नि शेअरांत जाते. म्हणजे म्हातारपणची काठी किती लांब, ते बाजार ठरवणार. एका दुपारी सर्व्हर बसला होता, म्हणून फंडाने कुठे कुठे पैसे घातलेत ती यादी वाचली. त्यात सिगारेटवाली आयटीसी! मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. लाभांश देणारी कंपनी म्हणून खूश झालो आणि त्या आनंदात ड्रॉवरमधली खर्र्याची पन्नी काढली.

तेवढ्यात काउंटरवर आमचे निवृत्त हेड कॅशियर उभे. हयातीचा दाखला द्यायला आले होते. आयुष्यभर त्यांनी नरखेडच्या संत्रेवाल्यांच्या नोटा मोजल्या, त्याही खर्रा चघळत. तोंडाच्या ऑपरेशननंतर आता बोलता येत नाही. त्यांनी स्लिपच्या पाठीवर लिहिलं, "काहून रे, सोडला नाही अजून?"

मी पन्नी लपवली. पण यादी कुठे लपवू?

रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग ती कंपनी वगळायला सांगा."

"आणि पेन्शन कमी झाली तर?"

प्रश्न पोकळ नव्हता. कॅलिफोर्नियाच्या सरकारी नोकरांचा कॅलपर्स नावाचा पेन्शन फंड आहे. त्याने २००० साली तंबाखूचे शेअर विकायचं ठरवलं. पुढे हिशेब केला, तर ३ अब्ज डॉलरहून अधिक फायदा हुकलेला! २०१६ साली फेरविचार झाला आणि मंडळाने बंदी उठवायची सोडून उलट वाढवली. आपल्याकडेही २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली, की आयुर्विमा महामंडळासारख्या सरकारी संस्थांनी जनतेचा पैसा तंबाखूत का ठेवावा?

तुम्ही म्हणाल, चांगल्या कंपन्या निवडणारे फंडही कमावतात की. कमावतात ना! २०२० साली अशा फंडांचं बरं चाललं. २०२२ साली तेल भडकलं, तेव्हा तेल टाळणारे मागे पडले. तेव्हा 'नीती फायद्याची असते' असं सांगून ती खपवता येत नाही. नेहमी फायद्याचीच असती, तर तिला नीती कशाला म्हटलं असतं? मुदत ठेव म्हटलं असतं!

कॅलपर्सच्या वहीत हुकलेले डॉलर लिहिले गेले. न झालेली ऑपरेशनं लिहायला मात्र कुठल्याच वहीत रकाना नाही. आमच्या हेड कॅशियरचं जे गेलं, तेही कुठल्या खात्यात नावे टाकायचं?

मी रीतसर अर्ज लिहिला. साहेबांनी तो 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' वर पाठवला, म्हणजे त्याला मोक्ष मिळाला. बायको म्हणाली, "फंडाचं राहू द्या. आधी ड्रॉवरमधली गुंतवणूक काढा. पेन्शन घ्यायला माणूस हयात लागतो!"

पन्नी फेकली, त्याला आज अकरा दिवस झाले. हिशेब अजून जुळलेला नाही, पण फरक कुठे आहे ते सापडलंय. कुठल्याही कॅशियरला विचारा, अर्धं काम तिथेच होतं.