मऊ तळाचे बूट आणि विनयाची कसोटी

धावण्यासाठी घडवलेले जाड, मऊ तळाचे बूट व्यायामाप्रमाणे रोजच्या वापरालाही योग्य आहेत का, हा प्रश्न वरवर बाजारातला वाटतो. परंतु देहाला सुख किती आणि कशासाठी द्यावे हा त्याचा गाभा धर्मविचाराला परिचित आहे, आणि विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षुसंघाच्या आचारनियमांच्या संग्रहात, महावग्गाच्या पाचव्या प्रकरणात पादत्राणांचा विचार विलक्षण बारकाईने झालेला आहे.

चंपा नगरीचा श्रेष्ठिपुत्र सोण कोळिविस इतका सुकुमार होता की त्याच्या तळपायांवर केस उगवले होते, असे तेथे सांगितले आहे. प्रव्रज्येनंतर, म्हणजे भिक्षू झाल्यावर, राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने चंक्रमण, म्हणजे ध्यानासाठी ठरावीक वाटेवर येरझाऱ्या घालणे, एवढ्या निकराने केले की तळवे फुटून ती वाट रक्ताने माखली. तारा फार ताणलेली किंवा फार सैल वीणा नीट वाजत नाही, हे बुद्धांनी त्याला पटवून दिले आणि पुढे एकपदरी तळाच्या वहाणा वापरण्याची मुभा दिली. मात्र ऐंशी गाड्या धन सोडून आलेला भिक्षू वहाणांत गुंतला असे लोक म्हणतील, म्हणून सोणाने ती मुभा एकट्यासाठी स्वीकारली नाही आणि ती साऱ्या संघाला मिळाली.

त्यानंतरचे नियम आजच्या प्रश्नाला थेट भिडतात. भडक रंगांच्या आणि मोरपिसांनी सजवलेल्या पादत्राणांबरोबर ‘तूलपुण्णिका’, म्हणजे कापूस भरलेली पादत्राणेही निषिद्ध ठरली, कारण भिक्षू भोगी गृहस्थांसारखे दिसतात अशी लोकांची तक्रार होती. तरीही हा निषेध मऊपणाचा म्हणून नव्हे, तर विलासाचा आणि मिरवण्याचा आहे, असेच मानावे लागते. कारण पाय दुखावलेल्या भिक्षूसाठी दुसऱ्याने वापरलेल्या अनेकपदरी वहाणा त्याच प्रकरणात मान्य होतात, आणि अवंती-दक्षिणापथातली काळी जमीन कठीण व गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली असते, असे तेथील भिक्षू महाकच्चान यांनी बुद्धांना कळवताच तेथे अनेकपदरी तळ सर्वांनाच मोकळा होतो. नियम माणसाच्या पायाकडे आणि पायाखालच्या भूमीकडे पाहून वाकतो, ही या ग्रंथाची करुणा मोलाची आहे.

हीच दृष्टी आजच्या बुटांना लावून पाहू. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार पायावर येतो, चालताना तो वजनाहून थोडाच अधिक असतो. त्यामुळे फोमच्या तळाचे सर्वांत सबळ कारण धावणे हेच आहे. तोच जोड दिवसभर वापरला तर फोम लवकर दबतो आणि धावण्याच्या वेळी हवा तो आधार उणावतो, शिवाय उंच, मऊ तळावर घोटा कलण्याची शक्यता काहींच्या बाबतीत वाढते. परंतु सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर तासन्‌तास उभे राहणाऱ्या परिचारिकेसाठी, पहारेकऱ्यासाठी किंवा टाच दुखणाऱ्या वृद्धासाठी ती फरशी अवंतीच्या खडबडीत भूमीसारखीच आहे, आणि त्यांनी रोज मऊ तळ वापरण्यात धर्मदृष्ट्या काहीही उणे नाही. निरोगी पायाच्या माणसाने व्यायामाचा जोड व्यायामापुरता राखावा. केवळ चारचौघांत उठून दिसण्यासाठी तो दिवसभर पायात ठेवणे विनयाच्या कसोटीला उतरत नाही.