हौदा उकरायची पाळी

आदिलाबाद जिल्ह्यातल्या भीमपूरच्या त्या पोराच्या अंगात रग होती. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलं की शेतातून थेट घरीच उतरवायचा. आखाड्यात जोर-बैठका मारताना कुणाला ऐकायचा नाही. फक्त हौदा उकरायची पाळी आली की त्याला नेमकं दुसरं काम निघायचं. तळाची माती फावड्यानं वर काढायची, ढेकळं हातानं फोडायची, खडा लागला की वेचून बाहेर टाकायचा, ताक, हळद, तेल घालून माती पुन्हा सारखी करायची. हे सगळं अंधारात, बघायला कुणी नसताना. "मी पैलवान आहे, गडी नाही," असं तो सोबत्यांना सांगायचा.

इथून पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. राज्यं दोन झाली तरी कुस्तीची जोड लावताना ते कुणी मनात आणत नाही. त्या वर्षीच्या जत्रेत पलीकडून एक सडपातळ पोरगा आला आणि चौथ्या मिनिटाला ह्याला चितपट करून गेला. ह्यानं पंचांना दोष दिला, मातीला दिला आणि आखाड्यात जाणं सोडलं. वस्ताद बोलवायला आले नाहीत.

घरी वेचणी सुरू होती. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना टोचत होती. भाव पडणार अशी आवई उठली, तसा तो बापाला म्हणाला, "आजच गाडी भरू अन् आदिलाबादच्या यार्डात नेऊ."

बापानं मूठभर कापूस दाबून पाहिला. "दव आहे यात. आठ टक्क्यांवर ओल निघाली की पैसे कापतात, बारावर गेली तर सरकारी खरेदीवाले हातच लावत नाहीत. भाव काही तुझ्या-माझ्या हातात नाही बाबा. वाळवणं आहे. ताडपत्री आण."

मराठी शाळेचे गुरुजी ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "हे तर स्टोइकांचं बोलणं झालं."

"ते कोण, गुरुजी?"

गुरुजींनी त्याला त्या स्टोइक तत्त्वज्ञांपैकी क्लिअँथीसची गोष्ट सांगितली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली. हा गडी मूळचा मुष्टियोद्धा. अथेन्सला आला तेव्हा गाठीला चार नाणी. स्टोइकांचा गुरू झेनो, त्याच्याकडं तत्त्वज्ञान शिकायचं, पण पोटाचं काय? म्हणून रात्रभर लोकांच्या बागांना विहिरीचं पाणी ओढून घालायचा आणि दिवसा शिकायला बसायचा. लिहायला कागद घेणं परवडत नव्हतं, तर गुरूचं बोलणं खापरांवर आणि बैलाच्या खांद्याच्या हाडांवर लिहून ठेवायचा. काम न करता हा एवढा धडधाकट कसा, असा संशय येऊन त्याला न्यायालयात उभं केलं, तेव्हा त्यानं ज्याच्या बागेला पाणी घालायचा तो माळी आणि जिच्याकडं पिठाचं काम करायचा ती बाई साक्षीला आणली. सोबतचे शिष्य त्याला गाढव म्हणायचे. तो म्हणायचा, खरं आहे, झेनोचं ओझं वाहायची ताकद माझ्यातच आहे. झेनोनंतर स्टोइकांची शाळा त्यानंच चालवली.

पोरगा बराच वेळ कापूस पसरत राहिला. मग म्हणाला, "त्याला लाज नाही वाटली, पाणी ओढायची?"

"वस्तादांना विचार," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो आखाड्यात गेला. वस्ताद एकटेच हौदा उकरत होते. सत्तरीतला माणूस, दम लागलेला. त्यांनी फावडं त्याच्या हातात दिलं आणि काठावर बसले.

"खाशाबा जाधवांचं नाव ऐकलंस ना? कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ ला लंडनला गेले. मातीतला माणूस मॅटवर उतरला, सहावा आला. कुणाला शिव्या दिल्या नाहीत, आल्यावर पुन्हा मेहनत धरली. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्य आणलं. स्वतंत्र भारतातलं एकट्यानं मिळवलेलं पहिलं ऑलिम्पिक पदक. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. अन् मिरवणूक संपल्यावर काय केलं? कुस्त्यांचं मैदान भरवून स्वतः मातीत उतरले, त्या पैशातून गुरूचं घर सोडवलं." वस्ताद थांबले. "खोल घाल फावडं. वरवर खरवडू नको."

तिथून पुढं तो रोज आला. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. उकरताना कंबर वाकते, खांदा उघडतो, श्वास लांबतो, हे त्याला उशिरा कळलं. लढतीत त्याचा दम टिकू लागला.

पुढच्या जत्रेत जोड दुसऱ्याच मल्लाशी लागली. वीस मिनिटं तो मागं हटला नाही. शेवटी समोरच्यानं ढाक मारली आणि ह्याची पाठ टेकली. तो उठला, त्याच्या हातात हात दिला, पंचांच्या पाया पडला आणि कपडे घालून बाकीच्या कुस्त्या बघत बसला.

दुसऱ्या दिवशी वस्ताद आले तेव्हा अर्धा हौदा उकरून झाला होता. दोन लहान पोरं ढेकळं फोडत होती, आणि हा त्यांना खडा कसा चाचपायचा ते दाखवत होता.

"आजपासून ही दोघं तुझ्याकडं," वस्ताद म्हणाले आणि लंगोट बांधायला लागले.